आधी घंटा, मग रजिस्टर

परवा भाचा आला तो तारवटलेल्या डोळ्यांनी. लिनक्सचे ड्रायव्हर लिहितो तो. त्याचं यंत्र सस्पेंड केलं, म्हणजे झोपवलं, की पुन्हा उठतच नव्हतं! दोन रात्री त्यात गेल्या.

"मला समजेल असं सांग," म्हटलं. इतकी वर्षं मी पोरांना सांगत आले, आता माझी पाळी.

चिपमधलं हे क्लॉक वेळ दाखवत नाही, नुसते ठोके देतं. झोपवताना ड्रायव्हरने रजिस्टरमधल्या नोंदी मेमरीत उतरवायच्या (वीज तुटली की त्या पुसल्या जातात), मग क्लॉक बंद करायचं. उठवताना आधी क्लॉक, मग रजिस्टर. ठोके नसताना रजिस्टर वाचायला गेलं तर कित्येक चिपांवर अख्खं यंत्र तिथेच थिजतं. शाळेत घंटा झाल्याशिवाय आम्ही हजेरीचं रजिस्टर उघडत नसू, तसंच की!

याने क्रम उलटा लिहिला होता. तरी वर्षभर चाललं कसं? तर एकच क्लॉक दोन ड्रायव्हरांत. ते किती जणांनी सुरू ठेवलंय हे कर्नल मोजत असतो. आकडा शून्यावर आला तरच बंद. शेजारचा ड्रायव्हर झोपताना ते बंद करायला विसरत होता, त्याच्या ठोक्यांवर याचं निभत होतं. शेजाऱ्याने आपली चूक सुधारली आणि याची उघडी पडली.

"आणि मी त्यालाच खरमरीत मेल टाकली, मावशी."

"मग आता?"

"एक ओळ वर सरकवली. झालं."

"ते नाही विचारलं मी."

गप्प जेवला. ताक पिऊन झाल्यावर लॅपटॉप उघडला. मी काही डोकावले नाही.