नाथसागराच्या तळाशी

छत्रपती संभाजीनगरहून पैठण सुमारे 50 किलोमीटर. शनिवार-रविवारी, विशेषतः शनि अमावास्येला, या रस्त्याने जैन कुटुंबांच्या गाड्या मोठ्या संख्येने जातात. विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथांच्या श्यामवर्ण मूर्तीचे दर्शन घ्यावे, जमल्यास पैठणीचे माग पाहावेत आणि परतताना जायकवाडी धरणावर घटकाभर थांबावे, असा बहुतेकांचा क्रम. भिंतीपलीकडे नजर पोहोचेल तिथवर पाणी असते. हाच नाथसागर. त्याच्या तळाशी काय आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

जगात काही ठिकाणी असे तळ पाहण्यासाठीच माणसे प्रवास करतात. कॅनडातील टोबरमोरी हे त्यांपैकी एक. तेथील गोड्या पाण्यात 1885 साली बुडालेले ‘स्वीपस्टेक्स’ हे शिडाचे जहाज आजही जवळजवळ अखंड दिसते. समुद्रात लाकूड पोखरणारा जीव गोड्या पाण्यात राहत नाही आणि थंडीमुळे कुजण्याची क्रियाही मंदावते. म्हणून ते टिकले. जहाजावरचा कोळसा पुढे काढून घेण्यात आला. सांगाडा तेवढा तळाशी राहिला. पाणबुडे सुट्टीच्या दिवशी तेथे जातात, आधी नोंदणी करतात आणि पाहून परत येतात. तेथील वस्तूला हात लावायचा नाही, काही उचलून आणायचे नाही, हा पहिला नियम.

गोदावरीत असे जहाज सापडेल काय? सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे. त्यामुळे प्रश्न अगदीच अनाठायी नाही. परंतु सातवाहनांची ही नगरी, प्राचीन प्रतिष्ठान, व्यापार करीत होती तो खुष्कीच्या मार्गाने. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो की पैठणचे रंगीत मौल्यवान दगड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला नेले जात आणि ही वाट वीस दिवसांची होती. जहाज समुद्रात होते. पैठणच्या व्यापाऱ्याच्या दारात बैलगाडी होती.

नाथसागरात बुडाली ती गावे. 18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सुमारे 10 किलोमीटर लांबीच्या मातीच्या भिंतीने पाणी अडले, आणि पैठण, गंगापूर, नेवासा व शेवगाव तालुक्यांतील शंभराहून अधिक गावांना उठावे लागले. गोदाकाठची काळी, कसदार जमीन गेली. वेशी, पार, विहिरी, देवळे गेली. गाव उठते तेव्हा त्याचा आठवडी बाजारही उठतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीवर चालणारी उधारी आणि दुकानाच्या ओट्यावरची बैठक नव्या वसाहतीत पुन्हा तशीच बसत नाही. व्यापारी घराण्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हा तळ पाहण्यासाठी पाण्यात उतरावे लागत नाही. पाणी गढूळ, तळाला गाळ. हौशी माणसाने उतरूही नये. पडदा दूर करण्याचे काम येथे उन्हाळाच करतो. 2016 आणि 2019 सालच्या दुष्काळात साठा इतका खालावला की तळाचा मोठा भाग उघडा पडला. अशा वर्षी जोत्यांचे दगड, विहिरींची कडी, पडक्या भिंती वर येतात. एरवीही पाणी हटत जाते तसतसे शेतकरी मोकळ्या झालेल्या गाळपेर जमिनीत पीक घेतात. अहिल्यानगरच्या रस्त्यावर कायगाव टोका येथे गोदावरी-प्रवरा संगमाजवळ उभे राहिले, की काठावरच्या सिद्धेश्वराच्या दगडी मंदिराच्या पार्श्वभूमीवर या जलाशयाचा पसारा ध्यानात येतो. उघडा पडलेला एखादा कोरीव दगड मुलांच्या हाती लागला, तर तो तेथेच ठेवण्यास सांगावे. टोबरमोरीच्या पाणबुड्यांचा नियम जैन घराला नवा नाही. न दिलेले घेऊ नये, हे अचौर्याणुव्रत आहे.

पैठणची आणखी एक आठवण या पाण्याशी जोडून घेण्यासारखी आहे. मूर्तिपूजक श्वेतांबर परंपरेत संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला येते. तिची कथा याच नगरीतील आहे. आचार्य कालकसूरी येथे चातुर्मासासाठी आले असता पंचमीला इंद्रमहोत्सव होता. राजा सातवाहनाने संवत्सरी षष्ठीला करण्याची विनंती केली. पंचमीची रात्र ओलांडता येणार नाही, असे आचार्यांनी सांगितले. मग चतुर्थी चालेल का, असे राजाने विचारले, तेव्हा त्यांनी होकार दिला. क्षमापना एक दिवस आधी चालते. एक दिवस उशिरा चालत नाही, हा त्या कथेचा बोध.

भाद्रपदाच्या सुमारास वरच्या धरणांतून पाणी येऊन नाथसागर भरू लागतो. उन्हाळ्यात उघडी पडलेली जोती पुन्हा दिसेनाशी होतात, आणि तेच पाणी छत्रपती संभाजीनगर व जालन्याच्या घराघरांतील नळांना येते. ते गाळून पिताना अप्कायिक जीवांचे स्मरण आपल्या घरांत होतेच. ज्यांची घरे या पाण्याखाली आहेत, त्या माणसांचे स्मरण मात्र राहून जाते. त्यांपैकी आपले शेत स्वतःच्या डोळ्यांनी बुडताना पाहिलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. पैठणच्या पुढच्या यात्रेत एखाद्या पुनर्वसित गावी थांबून त्यांच्यापैकी कोणाशी दोन शब्द बोलता येतील. तेवढ्यासाठी संवत्सरीची वाट पाहण्याचे कारण नाही.