लाइन गेली

परवा गावाकडून मित्राचा फोन आला. "लाइन गेली रे," एवढंच म्हणाला. वीज नव्हे, आमची पोलीस लाइन. कौलारू खोल्यांची ती रांग जेसीबीने अर्ध्या दिवसात भुईसपाट केली.

तिथली आम्ही पोरं म्हणजे ‘लाइनबॉय’. गावात कुठेही काच फुटली की आधी आमच्याकडे बोट. पुढे कॉलेजात सगळे लाइन मारू लागले, पण आमची पंचाईत. बाबांचा बक्कल नंबर अख्ख्या गावाला पाठ. तक्रार थेट घरी यायची.

पण लाइन म्हटलं की मला आधी रॉकेलचीच आठवते. पहाटे आई दुकानापुढे डबा ठेवून यायची. डब्यापुढे कुणाची वीट, मागे कुणाची फाटकी चप्पल. माणसं उगवायची शटर वर जाताना. मग फौजदारांच्या घरचा शिपाई यायचा, थेट पुढे जायचा, कॅन भरून न्यायचा. बघताबघता टाकी आटायची आणि आईच्या तोंडावर "संपलं!" त्या दुकानदारावरचा माझा राग अजून गेलेला नाही. जाऊही नये.

मुंबईत मामाकडे गेलं की लोक विचारायचे, "कुठली लाइन?" सेंट्रल, वेस्टर्न की हार्बर, यावर माणसाचं निम्मं आयुष्य कळतं म्हणे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. ३४ किलोमीटर, १४ डबे, आत चारशेच्या आसपास निमंत्रित. निमंत्रितांना कोण लाइनीत उभं करतं? शिपायांना पुढे घुसायची सवय तेव्हापासूनची असावी.

‘लाइन’ या शब्दाचं मूळ लॅटिन ‘लिनम’, म्हणजे जवस. जवसाच्या खोडातून धागा निघतो, त्याचं लिनन होतं. तो धागा ताणला की सरळ रेघ. आमच्याकडे धाग्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. आई जवस भाजायची, लसूण-तिखट घालून खलबत्त्यात कुटायची. वास सगळ्या खोल्यांत फिरायचा आणि वाटीवाटीने चटणीही. हवालदारीणबाईंना, नव्या शिपायाच्या बायकोला, शेजारच्या म्हातारीला.

एकदा फौजदारांच्या घरून वाटी आली. आई म्हणाली, "संपली." बरणी काठोकाठ भरलेली होती.