सड्याला कोणता रंग द्यायचा?

कोकणातल्या सड्याचं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराचं, फेब्रुवारीतलं उपग्रहचित्र उघडलं की पडद्यावर काळपट, करपलेला जांभा दिसतो. उपग्रह त्यावरून परतलेला प्रकाश मोजतो आणि संगणक तो तुकडा खडकाळ पडीक जमिनीत टाकतो. शेजारच्या उतारावरची काजूची बाग मात्र हिरवी. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार किमान १ हेक्टर जमिनीवर झाडांचं छत्र १० टक्के असलं की ते वनाच्छादन. झाडं कुठली, जमीन कोणाची, हा प्रश्नच नाही. बाग वन ठरते आणि सडा ओसाड. ही चूक यंत्राची नाही. नकाशाची सूची आपण लिहितो, यंत्र फक्त रंग भरतं.

सडा जगतो तो जून ते सप्टेंबर, आणि नेमके तेव्हाच ढग उपग्रहाच्या कॅमेऱ्याची वाट अडवतात. स्वच्छ चित्र मिळतं तोवर सड्यावर फुलणाऱ्या गेंद या वनस्पतीची पांढरी बोंडं वाळलेली असतात. सीतेची आसवं ही वीतभर वनस्पती तर खडकावरच्या बोटभर मातीत उगवते. त्या मातीत नत्र तुटपुंजं, म्हणून अंगच्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले बारीक जीव ओढून घेते. उपग्रहचित्राच्या साडेतेवीस मीटरच्या पिक्सेलमध्ये साधारण साडेपाच गुंठे जमीन एकाच रंगाची होते. तिथे ही वनस्पती कुठून दिसणार? आणि एकदा पडीक म्हटलं की चिरेखाणीला हरकत उरत नाही. वृक्षारोपणासाठी खड्डे खणणाऱ्यांनाही उरत नाही, आणि सड्याचं नुकसान दोन्हींत होतं.

यावर सांगितलं जातं की आता १० मीटरची चित्रं फुकट मिळतात, ढगांआडून पाहणारं रडारही आहे. मिळतात, आणि ती जरूर वापरावीत. पण पिक्सेल बारीक झाला म्हणून व्याख्या बदलत नाही. काजूची बाग तेव्हाही वनच राहील. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: अख्खा जिल्हा पायी कोण फिरणार? कोणीच नाही, आणि तशी गरजही नाही. जिथे वर्गीकरण संशयास्पद आहे तेवढीच ठिकाणं निवडावीत, गुरं चारणाऱ्याला बरोबर घ्यावं, पाणी कुठे साचतं आणि कधीपर्यंत टिकतं हे त्याच्याकडून जीपीएसवर नोंदवून घ्यावं. चार नोंदींनीही नकाशातला एक रंग बदलू शकतो. जीआयएसची, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीची, खरी ताकद मला इथेच वाटते: उपग्रहाचं चित्र, गावची हद्द आणि गुराख्याची माहिती एकावर एक ठेवता येते.

म्हणून नकाशा करणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. ऑगस्टमध्ये सड्यावर जाऊन आल्याशिवाय सूचीत 'पडीक' हा शब्द लिहू नका.