कोड उघडला, पण दुकान कुणाचं?

मंडळी, आज आधी माझीच एक चूक सांगतो.

२६ मे २०२०. लॉकडाऊन चालू होता. केंद्र सरकारनं 'आरोग्य सेतू' ॲपचा अँड्रॉइडचा कोड गिटहबवर टाकला, म्हणजे कुणीही बघावा, चुका दाखवाव्यात. तोवर ११ कोटींहून जास्त लोकांच्या मोबाईलमध्ये ते ॲप होतं. प्रेसनोट आली, मी 'पारदर्शकतेचं मोठं पाऊल' असा मथळा ठोकला आणि बातमी पाठवून मोकळा झालो.

संध्याकाळी बीपीच्या गोळ्या आणायला शाळेतल्या मित्राच्या मेडिकलवर गेलो. शटर अर्धं खाली. तो म्हणाला, "काय रे पत्रकार, कोड उघडला म्हणतोस. मला त्यातलं काय कळणार? पण त्या ॲपच्या नावावर ऑनलाइन औषधवाल्यांची साइट चालवली, ते लिहिलंस का?"

मला पत्ताच नव्हता.

घरी येऊन शोधलं. 'आरोग्य सेतू मित्र' नावाची साइट निघाली होती. त्यावर ऑनलाइन डॉक्टर, लॅब आणि घरपोच औषधं देणाऱ्या खासगी कंपन्यांच्या लिंक. सरकारी ॲपचं नाव वापरून मोजक्या कंपन्यांना गिऱ्हाईक मिळवून देताय, असं म्हणत औषधविक्रेत्यांची संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. लोकांना घरबसल्या सेवा मिळावी एवढाच हेतू, असं म्हणणारेही होते. तेही खरं असेल. पण मुद्दा असा की, हे काही कोड वाचून कळलं नसतं.

पुढे ऑक्टोबरात कहर झाला. ॲप कुणी बनवलं, असं एकानं माहिती अधिकारात विचारलं. ज्यांचं नाव ॲपशी जोडलेलं, त्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं आमच्याकडे ही माहिती नाही असं कळवलं. केंद्रीय माहिती आयोगानं नोटीस काढली, तेव्हा सरकारनं सांगितलं की उद्योग, शिक्षणसंस्था आणि सरकार यांनी मिळून ते बनवलंय. म्हणजे कोड उघडा, आणि करणाऱ्यांची नावं विचारायला आयोगापर्यंत जायचं!

आता कुणी म्हणेल, हा ओपन सोर्सच्या विरोधात आहे. अजिबात नाही. माझा जुना लॅपटॉप लिनक्सवरच चालतो, लायसन्सचे पैसे माझ्याकडे कधीच नव्हते. आणि फुकट कोडवर धंदा करणं हे पापही नाही. रेड हॅट कंपनीनं तेच केलं: कोड खुला, पैसे सेवेचे. २०१९ मध्ये आयबीएमनं ती ३४ अब्ज डॉलरला घेतली. धंदा उघड असला की गिऱ्हाईक हिशोब करून घेतं. खटकतं ते वर 'समाजसेवा' अशी पाटी आणि आत गल्ला असतो तेव्हा.

हे सगळं आज का आठवलं? आमच्या नगरपरिषदेत नवीन करप्रणालीची चर्चा चाललीय. "ओपन सोर्स आहे, फुकट आहे," एवढंच सगळे सांगतात. मी तीन प्रश्न लेखी दिलेत:

१. सर्व्हर कुणाचा, आणि आपल्या घरांची, मोबाईल नंबरांची माहिती कोण बघू शकतं?
२. बसवणं, शिकवणं, दरवर्षीची देखभाल, याचं काम कुणाला आणि टेंडर काढून का?
३. उद्या पटलं नाही तर आपली माहिती घेऊन दुसरीकडे जाता येईल का?

उत्तर काही गैर असेलच असं नाही. सगळं सरळही निघेल. तसं निघालं तर तेही इथंच लिहीन.

पण या वेळी प्रेसनोट पुढे ढकलणार नाही. मित्र अजून तिथंच मेडिकल चालवतो. महिन्याला गोळ्या आणायला गेलो की विचारतो, "काय पत्रकार, विचारलंस का?"

तुम्हीही विचारा. घरपट्टी तर तुम्हीच भरता ना?