कावया

बोरी अरब. रात्रीचे दहा. पोरगी आत्ता कुठे झोपली, म्हणून वही काढली.

मोबाईलमध्ये तिचे शेकडो व्हिडिओ आहेत. जावळ, पहिलं पाऊल, अडाण नदीच्या पुलावरून पाण्याकडे दाखवलेलं बोट. पण तेव्हा मी तिच्याकडे कमी आणि स्क्रीनकडेच जास्त पाहत होतो, हे लिहायला बसल्यावर कळतं. अंगणवाडीच्या कार्डावरही तिची नोंद आहे. तिथे ती वजनाचा एक ठिपका.

डार्विनने १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचं रडणं, हसणं, रागावणं टिपून ठेवलं आणि १८७७ मध्ये त्यावर लेख छापला. माझी झेप एका शब्दापुरती. आज भिंतीवरच्या पाखराला ती 'कावया' म्हणाली. शिकवणारी अर्थात आमची माय. तिच्या वऱ्हाडीत डोळ्याचाही 'डोया' होतो.

बायको म्हणाली, "वहीत तरी 'कावळा' लिहा. उद्या शाळेत जाईल ते."

शाळा 'ळ' शिकवेलच, आणि हा 'य' पुसूनही टाकेल. मी 'कावया'च लिहिलं, बाजूला तारीख घातली. मायला वाचून दाखवलं.

"मंग? बराबरच तं हाये," ती म्हणाली.