टीप

मराठीच्या प्राध्यापकाचा आणि 'टीप' या शब्दाचा संबंध जन्माचा. परीक्षेत 'टिपा लिहा', पुस्तकात 'तळटीप', वर्गात 'टिपणे'. पण माझ्या कानावर हा शब्द पहिल्यांदा पडला तो शाळेत जाण्यापूर्वी, आणि अगदी वेगळ्या अर्थाने. "काकी, ह्येका एक टीप मारून दी गे," असे म्हणत मालवणच्या आमच्या वाडीतली कोणी तरी बाई उसवलेला परकर घेऊन दारात उभी राही आणि ओटीवर बसलेली माझी आत्या कपाळावरचा चष्मा नाकावर ओढी.

आत्या विशीतच विधवा होऊन माहेरी आली होती. त्या काळी अशा बाईला घरात दोनच जागा असत, स्वयंपाकघर आणि मागीलदार. आत्याने तिसरी मिळवली, थेट ओटीवरची! मुंबईच्या गिरणीत असलेल्या माझ्या थोरल्या काकांनी एक जुने 'सिंगर' मशीन घेतले आणि बोटीने मालवण बंदरात पाठवून दिले. 1950 नंतर केव्हा तरीची ही गोष्ट. त्या दिवसापासून आत्या कोणाच्या जिवावर जगली नाही. उलट माझी पहिलीपासूनची पाठ्यपुस्तके त्या मशीनच्या पैशातून आली.

मशीन काळेभोर. त्याच्या अंगावर सोनेरी रंगात एक चित्र होते, धड सिंहाचे आणि तोंड माणसाचे. आत्या त्याला नरसिंह म्हणे. खंडेनवमीला मशीन पुसून ती या नरसिंहाला फूल वाही आणि त्या दिवशी पायडलला पाय लावू देत नसे. मशीनच्या पोटात एक निमुळते लोखंडी शटल होते. आम्ही पोरे त्याला होडी म्हणत असू. वरून सुई दोरा घेऊन बुडी मारी, ही होडी त्या दोऱ्याच्या फासातून सुळकन पार होई आणि वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडके. याच रीतीच्या टाक्याचे पेटंट एलियस हौ या अमेरिकन गृहस्थाने 1846 साली घेतले, हे मला पुष्कळ नंतर कळले. तेव्हा एवढेच ठाऊक होते, की होडीतला दोरा संपला की आत्या हाक मारणार आणि आपण रीळ धरून बसायचे.

आता माझ्या हातून घडलेले पाप सांगतो. आत्या गेली. वर्षभराने, 2006 साली, आम्ही घर दुरुस्तीला काढले. ओटीवर फरशी बसायची होती. भंगारवाला दारात आला तेव्हा पितळेची गळकी घागर, मोडके कुलूप आणि मशीन असे सारे मी एकत्र वजनावर देऊन टाकले. मशीनचे म्हणून तीनशे रुपये आले असतील. त्याच आठवड्यात मी वर्गात जात्यावरच्या ओव्या शिकवत होतो, आणि कष्टकरी स्त्रीच्या साधनांशी असलेल्या तिच्या नात्याबद्दल फार छान बोललो होतो!

पुढे काही वर्षांनी तारकर्लीच्या एका हॉटेलात पाहुण्यांना घेऊन जेवायला गेलो. टेबलावर काच होती आणि काचेखाली 'सिंगर' ही अक्षरे असलेले ओतीव लोखंडाचे पाय. वर मशीन नव्हते. माझा पाय नकळत पायडलवर गेला. ते हलेना, तारेने करकचून बांधून टाकले होते. ते आमचेच होते असे मी म्हणत नाही. पण त्या दिवशी सोलकढीसुद्धा माझ्या घशाखाली उतरली नाही.

तेव्हापासून मला हे वेड लागले. कुडाळ, आचरा, सावंतवाडी, जिथे कुठे माळ्यावर मशीन पडले आहे असे कळेल तिथे मी हजर. पहिले मशीन आणले तेव्हा त्याचे चाक इंचभरही फिरत नव्हते. बाजारातल्या एका वृद्ध शिंपीदादांनी ते पाहिले आणि म्हणाले, "ह्यां मराक नाय, सर. निजलां हा." आमच्याकडे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने लोखंडाला गंज चढतोच, पण मशीनचा खरा शत्रू निघाला घरातले खोबरेल! मशीन कुरकुरले की बायामाणसे तेच घालत, आणि वर्षभरात त्याचा गोंद होऊन सगळे सांधे धरून बसत. दादांनी आठ दिवस रॉकेलचे थेंब सोडायला लावले. नवव्या दिवशी चाक फिरले. तो आवाज ऐकून मी पुन्हा सहा वर्षांचा झालो.

प्राध्यापकच तो, नुसत्या आवाजावर कसा थांबणार? मी वाचू लागलो. सिंगरच्या प्रत्येक मशीनवर क्रमांक असतो आणि त्यावरून त्याची जन्मपत्रिका काढता येते. माझ्याकडचे 'वाय' अक्षराचे मशीन दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले, स्कॉटलंडमधील क्लाइडबँकचे. तो अवाढव्य कारखाना 1980 साली बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्थानकाचे नाव अजून 'सिंगर' आहे. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली 'यंग इंडिया'त या एका यंत्राला माफी दिली होती. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते घडवले, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात आयझॅक सिंगर हे गृहस्थ एका वेळी अनेक संसार थाटून होते आणि मुले वीसहून अधिक! त्यांनी 1851 साली पेटंट घेतले ते प्रेमापोटी खासच नव्हे. पण आत्याकडे पाहिले की वाटते, सिंगरच्या बाबतीत गांधीजी चुकले असतील, मशीनच्या बाबतीत मुळीच चुकले नाहीत.

असे करता करता घरात सात मशीने झाली. सर्वांत लाडके ते 'वाय'चे, कारण त्यावर आत्याचाच नरसिंह होता. खरे तर तो इजिप्तचा स्फिंक्स! मी सगळ्यांना तेल देई, पुसे आणि वर पांढरे अभ्रे घाली. एकदा पाहुण्यांना मी त्या हॉटेलवाल्याच्या अरसिकपणाची गोष्ट रंगवून सांगत होतो. चहाचे कप उचलता उचलता आमची ही म्हणाली, "त्याने निदान त्याच्यावर लोकांना जेवायला तरी वाढलं. तुम्ही तर नुसतं झाकून ठेवलंय."

पाहुणे हसले. मीही हसलो. रात्री झोप आली नाही.

त्याच पावसाळ्यात माझ्या वर्गातली देवबागची एक मुलगी सारखी गैरहजर राहू लागली. विचारले तेव्हा कळले, की आई शिवणकाम करते, पण मशीन विजेचे, आणि एका बाजूला समुद्र नि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर वादळवाऱ्यात वीज दोन-दोन दिवस येत नाही. चतुर्थीची कामे अडली होती आणि पोरगी आईबरोबर हाताने टाके घालत बसली होती.

घरी आलो. मनात हिशेब सुरू झाला, की सातांतले कोणते द्यावे? साधेसे एक होते, ते देऊन भागले असते. अभ्रे वर करून मी बराच वेळ उभा राहिलो. शिंपीदादांना विचारले, "सगळ्यांत चांगलं कुठलं चालतं?" त्यांनी नेमके नरसिंहावर बोट ठेवले. टेम्पोत ते चढवताना माझा हात त्याच्यावरून निघत नव्हता, हे कबूल करतो.

दसरा झाल्यावर देवबागला गेलो. रस्त्यावरूनच तो आवाज ऐकू आला. ओटीवर शिवून झालेल्या परकरांचा ढीग होता. मशीनवरच्या सोनेरी चित्राला खंडेनवमीचे कुंकू लागलेले होते आणि कपाळावर सुकलेले झेंडूचे फूल.

मुलीच्या आईने पाय थांबवून विचारले, "सर, ह्यो खंयचो देव?"

तळटीप द्यायची सवय जिभेच्या टोकावर आली होती. ती मी गिळली आणि म्हणालो, "नरसिंह."