एकवीस वेळा

रेणुकेची कथा आमच्या विद्यार्थ्यांना पुस्तकातून शिकवावी लागत नाही. महागावाहून पैनगंगा ओलांडली की माहूर; नवरात्रात घरातले कोणी ना कोणी गडावर जाऊन आलेलेच असते. मातापूरची ही देवी केवळ मुखरूपाने का पुजली जाते, हेही त्यांनी आजीकडून ऐकलेले असते. लोकसाहित्याच्या तासाला आम्ही ही कथा सांगत होतो आणि जमदग्नीच्या वधापाशी आलो होतो. तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला : "बाप तर बॅटमॅनचाही मारला गेला. मग परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली आणि बॅटमॅन जोकरला एकदाही मारत नाही, असे का?" वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो; पण प्रश्न काही पाठ सोडीना.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, आणि दोघांचेही बालपण इंद्रजाल कॉमिक्सच्या जुन्या, कोपरे दुमडलेल्या अंकांवर पोसलेले. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. ली फॉकच्या मानसपुत्राला मराठीत 'वेताळ' हे नाव मिळाले आणि तो आमचाच झाला. वेताळाच्या घराण्याचा आरंभही पितृवधातूनच होतो. समुद्री चाच्यांनी बापाला मारले. त्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून मुलाने अन्यायाशी लढण्याची शपथ घेतली. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, म्हणून जंगलातले लोक त्याला अमर समजतात. आम्ही वाचला तो वेताळ एकविसावा. कमरेला दोन पिस्तुले असूनही तो गोळी झाडतो ती बहुधा समोरच्याच्या हातातले हत्यार उडवण्यासाठी. दुष्टाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटते आणि मग त्याची रवानगी तुरुंगात होते. इकडे एकवीस वेळा संहार, तिकडे एकवीस पिढ्यांचा संयम. आकड्यांचा हा योगायोगच. पण तो लक्षात आल्यापासून दोन्ही कथा आम्हांला शेजारी-शेजारी दिसू लागल्या.

या संयमामागे धंद्याचे गणितही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९३९ साली अवतरलेला बॅटमॅन आरंभीच्या कथांत माणसे मारीतही असे. १९४० मध्ये त्याच्या हातातली बंदूक काढून घेण्यात आली ती संपादकांच्या सांगण्यावरून. त्याच वर्षी आलेला जोकर दुसऱ्याच कथेत मरणार होता; इतका चांगला खलनायक वाया घालवू नये म्हणून त्याला शेवटच्या चौकटीत जिवंत ठेवले गेले. पुढचा अंक खपायचा तर दुष्टाने तुरुंगातून सुटलेच पाहिजे. परंतु धंद्यापायी आलेला नियम पुढे त्या पात्राचा स्वभाव बनला. आज बॅटमॅनकडून कोणी मारला गेला, तर वाचकच अस्वस्थ होतात. या अस्वस्थतेचे कारण केवळ बाजारात सापडत नाही.

ते आम्हांला महाभारतात सापडले. परशुरामाने समंतपंचकात रक्ताची पाच कुंडे भरून पितरांचे तर्पण केले. पितर प्रसन्न झाले, 'वर माग' म्हणाले. त्याने काय मागावे? क्रोधाच्या भरात झालेल्या या संहाराच्या पापातून मुक्ती. पितरांनी ती दिली आणि आता थांब, असेही सांगितले. पुढे जिंकलेली सारी पृथ्वी त्याने कश्यपाला दान केली आणि त्या पृथ्वीवर त्यालाच राहायला जागा उरली नाही. समुद्र मागे हटवून त्याला नवी भूमी मिळवावी लागली, ही कोकणची कथा सर्वांना ठाऊक आहे. मारेकऱ्यांना शासन व्हायलाच हवे होते, यात वाद नाही. पण पहिला वार न्यायाचा होता, तर एकविसावा कशाचा होता? ज्याच्या हातातला परशू दुसरे कोणी अडवू शकत नाही, त्याला ही सीमारेषा स्वतः दिसत नाही. वेताळ आपला कैदी दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, तेव्हा निवाडा आपला नाही एवढेच तो मान्य करीत असतो.

इथवर आमचे एकमत होते. मग नागपूरची आठवण निघाली. १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबा नगरातल्या स्त्रियांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ठार केले. वर्षानुवर्षे तो वस्तीला छळत होता. अटक होई आणि तो सुटून येई. पुढे २०१४ मध्ये आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष सुटका झाली. आमच्यातल्या एकीचे म्हणणे असे, की न मारण्याचे व्रत बॅटमॅनचे, पण त्याची किंमत मोजतात गॉथममधली साधी माणसे. त्या वस्तीने ती किती वर्षे मोजायची होती? दुसऱ्याचे म्हणणे, की म्हणूनच तो आवार न्यायालयाचा होता हे विसरता येत नाही. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. एवढे मात्र दोघांनाही पटले आहे, की नायकाने मारू नये असे म्हणणाऱ्यावर एक जबाबदारी येते : ज्याच्या स्वाधीन दुष्टाला करायचे, त्या व्यवस्थेची दारे नीट बंद होतात ना, हे पाहण्याची. ते न करता संयमाचे गोडवे गाणे फार सोपे आहे.

पुढच्या तासाला त्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगितले, की परशुरामाने पितरांकडे काय मागितले ते वाचून ये. तो वाचून आला. थोडा वेळ गप्प उभा राहिला आणि म्हणाला, "पण मग पितर इतक्या उशिरा का आले?"

याचे उत्तर आम्हांला देता आले नाही.